जे. सी. पेनी, २०११: ऑथॉरिटी खरी, लिंका भाड्याच्या

९ फेब्रुवारी २०११, बुधवार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात वाजले होते. तेव्हा गूगलवर ‘सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज’ असं शोधलं की सगळ्यात वर जे. सी. पेनी या डिपार्टमेंट स्टोअरचं पान यायचं. बॅगा बनवणाऱ्या सॅमसोनाइटची स्वतःची साइट त्याच्या खाली. रात्री नऊ वाजता तेच शब्द टाकले तर पेनी ७१व्या क्रमांकावर. ‘लिव्हिंग रूम फर्निचर’चंही तसंच झालं, सातला पहिला आणि नऊला ६८वा. एका पानावर दहा निकाल धरले तर दुकान पहिल्या पानावरून उठून थेट सातव्या-आठव्या पानावर गेलं. इतक्या आत सहसा कोणी जात नाही.

एसईओ, म्हणजे साइट गूगलच्या निकालांत वर आणायचं काम, करणारे लोक हे प्रकरण अजूनही सांगतात, आणि बहुतेक वेळा ‘गूगलला फसवू नका’ एवढ्यासाठीच सांगतात. मला ते दुसऱ्याच कारणाने महत्त्वाचं वाटतं. गूगलने या साइटवर माणसांकरवी कारवाई केली होती, म्हणून ती खाली गेली. त्या दोन तासांत इतर साइट्सवरून पेनीकडे येणाऱ्या लिंका होत्या तिथेच होत्या. डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, वय तेच, साइटवरची पानं तीच. डोमेनची ताकद मोजणारं बाहेरचं कुठलंही साधन लावलं असतं तर सात वाजता दिसलेला आकडाच नऊ वाजताही दिसला असता. आज आपल्याकडे लिंकचा भाव ज्या आकड्यावर ठरतो, ‘डीए (डोमेन ऑथॉरिटी) ४०च्या वर’ म्हणून गेस्ट पोस्टची, म्हणजे दुसऱ्याच्या साइटवर लिंक घालून टाकायच्या लेखांची, पॅकेजेस ज्यावर विकली जातात, तो आकडा या संपूर्ण घटनेत आंधळा होता. का आंधळा होता, आणि मग कोणाला कशामुळे दिसलं, हे नीट पाहण्यासारखं आहे.

दुकान जुनं, नाव मोठं

पेनी म्हणजे काही रातोरात उभी राहिलेली साइट नव्हे. १९०२ साली वायोमिंग राज्यातल्या केमरर या कोळसा खाणींच्या गावात जेम्स कॅश पेनी यांनी दुकान थाटलं. २०११ साली कंपनीचं मुख्यालय टेक्सासमधल्या प्लेनोला होतं आणि अमेरिकेत तिची अकराशेच्या वर दुकानं होती. घरोघरी जाणारा तिचा जाडजूड कॅटलॉग पाहत पिढ्या वाढल्या होत्या. अशा कंपनीला लिंका मागत फिरावं लागत नाही. मॉलच्या साइटवर दुकानांच्या यादीत ती असते, वर्तमानपत्रांच्या व्यापारी पानांवर असते, सवलतींच्या साइटवर असते. म्हणजे पेनीच्या डोमेनची ऑथॉरिटी खरी होती, कमावलेली होती. या मुद्द्याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

२०१०च्या नाताळ-नववर्षाच्या खरेदी हंगामात आणि त्याच्या आगेमागे कित्येक महिने पेनी गूगलवर वरच्या एक-दोन जागा धरून होती. तेही एखाद्या वस्तूसाठी नव्हे. ड्रेसेस, बेडिंग, एरिया रग्ज, स्किनी जीन्स, होम डेकोर, कम्फर्टर सेट्स, फर्निचर, टेबलक्लॉथ… काहीही शोधा, वर पेनीच. कपड्यांत फक्त कपडे विकणारे आणि फर्निचरमध्ये फक्त फर्निचर विकणारे मोठमोठे ब्रँड असताना एकच सर्वसाधारण दुकान सगळीकडे पहिलं येतं हे खटकणारंच होतं. न्यूयॉर्क टाइम्सचे बातमीदार डेव्हिड सेगल यांनी ते उचललं. वर्तमानपत्राने न्यूयॉर्कच्या ब्लू फाउंटन मीडिया या कंपनीतले सर्चचे जाणकार डग पियर्स यांना सांगितलं, हे कशामुळे होतंय ते शोधून द्या.

पियर्स यांच्या हाती काय लागलं

पियर्स यांनी ओपन साइट एक्सप्लोरर हे साधन वापरलं. त्या वेळच्या एसईओमॉझचं, म्हणजे आजच्या मॉझचं. डोमेन ऑथॉरिटी हा आकडा ज्या घरातून आला त्याच घरातलं हे साधन. त्यात एकीकडे साइटचा गुण दिसायचा आणि दुसरीकडे तिला लिंक देणाऱ्या पानांची यादी. पियर्स यादीत शिरले. ‘कॅज्युअल ड्रेसेस’, ‘इव्हिनिंग ड्रेसेस’, ‘लिटल ब्लॅक ड्रेस’, ‘कॉकटेल ड्रेस’ असे शब्द अँकर म्हणून, म्हणजे ज्यावर क्लिक करायचं तो लिंकचा मजकूर म्हणून, वापरून पेनीला लिंक देणारी २,०१५ पानं त्यांना सापडली. आणि त्या सगळ्या लिंका एकाच ठिकाणी जात होत्या, पेनीच्या साइटवरच्या ड्रेसेसच्या मुख्य पानावर.

आता ही पानं कुठली, ते पाहा. अणुअभियांत्रिकीवरच्या एका साइटच्या तळाशी ‘ब्लॅक ड्रेसेस’. कसिनोच्या साइटवर ‘इव्हिनिंग ड्रेसेस’. बल्गेरियातल्या घर-जमिनींच्या पोर्टलवर ‘कॉकटेल ड्रेसेस’. बँकांची यादी देणाऱ्या साइटवर ‘कॅज्युअल ड्रेसेस’. शिवाय रोग, कॅमेरे, मोटारी, कुत्री, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, घोरणं, न्हाणीघराच्या फरशा, मासेमारी, दाताचे डॉक्टर अशा विषयांच्या साइट्स. त्यातल्या काही तर ओसाड पडलेल्या. मालकाने कधीच सोडून दिलेल्या, फक्त लिंका तेवढ्या ताज्या.

यातली एकच ओळ घेऊन बघू. लिंक देणारं पान बल्गेरियातल्या मालमत्तेविषयी आहे. ते वाचायला येणारा माणूस तिथे फ्लॅट घ्यायचा विचार करतोय. पान वाचून तो खाली पोहोचतो आणि तिथे ‘कॉकटेल ड्रेसेस’ असा शब्द दिसतो, मागेपुढे एकही वाक्य नाही. शब्दाखाली टेक्सासच्या दुकानाची लिंक. या माणसाने त्यावर क्लिक करायचं काही कारण आहे का? पान लिहिणाऱ्याला ती लिंक द्यावीशी वाटण्याचं काही कारण आहे का? दोन्हीचं उत्तर नाही असं आलं की लिंक कोणीतरी पैसे मोजून ठेवली आहे हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. या ओळीसमोर त्या पोर्टलची डोमेन ऑथॉरिटी १२ लिहा किंवा ५२ लिहा, उत्तर बदलत नाही.

अँकर पाहिला तर आणखी स्पष्ट होतं. माणसं आपणहून लिंक देतात तेव्हा शब्द कसे येतात? दुकानाचं नाव येतं, साइटचा पत्ता जसाच्या तसा येतो, ‘इथे मिळाला’, ‘हा बघा’ असं काहीतरी येतं. एखादीने पेनीतून घेतलेल्या ड्रेसबद्दल लिहिलं तर ती त्या एका ड्रेसच्या पानाची लिंक देईल. गूगलमध्ये लोक नेमकं जे टाइप करतात तोच शब्द, तोही वर्गवारीच्या मुख्य पानासाठी, असा दोन हजार ठिकाणी आपोआप येत नाही. एवढी शिस्त फक्त कोणीतरी यादी हातात घेऊन बसलं की येते.

मग ते चाललं कसं?

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्डमध्ये असताना जी पद्धत मांडली तिच्या मुळाशी शोधनिबंधांतल्या संदर्भांची कल्पना होती. ज्या निबंधाचा उल्लेख जास्त, तो महत्त्वाचा, आणि महत्त्वाच्या निबंधाने केलेल्या उल्लेखाला वजन जास्त. पेजरँक या त्या पद्धतीत प्रत्येक पान आपलं वजन ज्या पानांना लिंक देतं त्यांच्यात वाटून टाकतं आणि वाटताना ते ०.८५ने गुणलं जातं.

हिशेब करून पाहू, म्हणजे २,०१५ हा आकडा किती मोठा ते कळेल. सरासरी पानाचं वजन १ धरा. तळाशी शंभर लिंका कोंबलेलं असं एक पान प्रत्येक लिंकला ०.००८५ एवढंच देऊ शकतं. अगदी क्षुल्लक. पण अशी २,०१५ पानं जमवली की बेरीज होते साधारण १७. आता दुसरीकडे सरासरीच्या शंभरपट वजनदार असं एक पान घ्या, समजा एखाद्या नामांकित मासिकाचा लेख, ज्यात पाचच लिंका आहेत. त्यातली एक लिंक एकटी १७ देते. एका खऱ्या लेखाचं काम दोन हजार टाकाऊ पानं करू शकतात, आणि टाकाऊ पानांवरची जागा स्वस्तात मिळते. आकडे अर्थातच समजण्यापुरते सोपे केलेले आहेत, गूगलचा खरा हिशेब २०११ सालीही यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचा होता. तरी बाजार का फोफावला ते यातून दिसतं.

पण पेनीच्या बाबतीत निव्वळ वजनाची गरजच नव्हती. ते तिच्याकडे मुबलक होतं. कमतरता होती ती विषयाची. गूगलच्या सुरुवातीच्या त्याच मांडणीत आणखी एक गोष्ट होती: लिंकचे शब्द हे जिथून लिंक दिली त्या पानापुरते धरायचे नाहीत, ज्या पानाला दिली त्या पानाच्या खात्यातही जमा करायचे. कारण पान स्वतःबद्दल जे सांगतं त्यापेक्षा इतरांनी केलेलं त्याचं वर्णन बऱ्याचदा जास्त नेमकं असतं. जगभरातल्या खऱ्या लिंकांनी पेनीच्या डोमेनला ‘हे मोठं दुकान आहे’ असं सांगितलं होतं. ‘हे ड्रेसेससाठीचं उत्तम पान आहे’ असं कोणी सांगितलं नव्हतं. तेवढं वाक्य भाड्याच्या लिंकांनी पुरवलं. खऱ्या ऑथॉरिटीवर खोटा विषय बसला, आणि दोन्ही मिळून पहिला क्रमांक आला. हेच २,०१५ दुवे कालपरवा घेतलेल्या कोऱ्या डोमेनला लावले असते तर ते इतके वर जाऊन इतके दिवस टिकलं असतं असं मला वाटत नाही.

म्हणून मी म्हणतो की ऑथॉरिटीचा आकडा इथे आंधळा होता. तो संपूर्ण डोमेनचा आकडा. खऱ्या हजारो लिंका आणि खोट्या दोन हजार एकाच पातेल्यात ढवळून जो रंग येईल तो दाखवणारा. खोट एका वर्गवारीच्या पानात आणि अँकरच्या शब्दांत होती, आणि ती पाहायला पातळी खाली आणावी लागते: डोमेनवरून पानावर, पानावरून लिंकवर.

गूगलकडून काय झालं

न्यूयॉर्क टाइम्सने आपला माल गूगलपुढे ठेवला तेव्हा वेबस्पॅम विभागाचे, म्हणजे निकालांतली फसवणूक रोखणाऱ्या विभागाचे, प्रमुख मॅट कट्स होते. मार्गदर्शक तत्त्वांचं उल्लंघन झाल्याचं त्यांनी मान्य केलं. शिवाय पेनीच्या साइटशी संबंधित उल्लंघनं गूगलला याआधी तीनदा आढळली होती, शेवटची नोव्हेंबर २०१०मध्ये, असंही पुढे आलं. म्हणजे गूगलला काहीच माहीत नव्हतं असं नाही. तरीही ऐन हंगामात पेनी वरच होती. ही गोष्ट मला प्रामाणिकपणे अस्वस्थ करते, कारण त्या काळात सरळमार्गाने ड्रेसेस विकणाऱ्या कितीतरी लहान दुकानांची जागा यात गेली.

घसरण दोन टप्प्यांत झाली. ५९ शब्दांवरचा पेनीचा सरासरी क्रमांक १ फेब्रुवारीला १.३ होता. ८ फेब्रुवारीला तो ४ झाला. तेव्हा कारवाई व्हायची होती, अल्गोरिदममधल्या, म्हणजे निकालांचा क्रम आपोआप लावणाऱ्या गूगलच्या यंत्रणेतल्या, बदलाचा तो परिणाम. बुधवारी संध्याकाळी माणसांकरवीची ती कारवाई, म्हणजे मॅन्युअल अ‍ॅक्शन, झाली आणि १० फेब्रुवारीला सरासरी ५२ झाली. १.३वरून ४ होणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. त्याच सुमारास चितिका या जाहिरात कंपनीने केलेल्या पाहणीत पहिल्या निकालाला ३४ टक्के क्लिक मिळत होते आणि दुसऱ्याला त्याच्या निम्मे.

पेनीचं म्हणणं होतं की या लिंका आम्ही लावायला सांगितल्या नाहीत आणि आम्हाला त्यांची कल्पनाही नव्हती. कंपनीने आपल्या सर्च सल्लागाराला काढून टाकलं. साइटवर येणाऱ्यांपैकी ७ टक्केच लोक ऑरगॅनिक सर्चमधून, म्हणजे जाहिराती सोडून साध्या निकालांमधून, येतात, असंही तिने सांगितलं. कंपनीला खरंच माहीत नव्हतं का यावर मी काही बोलणार नाही. पण माहीत करून घेता आलं असतं, हे नक्की. पियर्स यांनी कुठलीही गुप्त कागदपत्रं मिळवली नव्हती. जे साधन त्यांनी वापरलं ते कोणालाही उघडता येत होतं.

लिंका काढायचं काम झालं आणि साधारण तीन महिन्यांनी, मे २०११मध्ये, गूगलने पेनीवरची कारवाई उठवली. एखाद्या छोट्या दुकानाला तीन महिने गूगलवरून गायब होणं सोसलं असतं का, हा प्रश्न वेगळा.

‘चांगल्या’ डोमेनवरची वाईट लिंक

पेनीच्या लिंका देणारी पानं इतकी रद्दी होती की कोणी म्हणेल, त्या साइट्सची ऑथॉरिटी तपासली असती तरी हे कळलं असतं. म्हणून त्याच महिन्यातलं दुसरं प्रकरण थोडक्यात सांगतो. ओव्हरस्टॉक डॉट कॉम या अमेरिकी ऑनलाइन दुकानाने कॉलेजच्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना सवलत देऊ केली होती, अट एवढीच की कॉलेजच्या साइटवर ओव्हरस्टॉकच्या अमुक पानांच्या लिंका, अमुक शब्दांत, लावायच्या. इथे लिंक देणारी डोमेन्स विद्यापीठांची, डॉट ईडीयू. कुठल्याही मोजपट्टीवर वजनदार. तरीही फेब्रुवारी २०११मध्ये गूगलने ओव्हरस्टॉकलाही खाली ढकललं.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की दिसतं, एकीकडे लिंक देणाऱ्यांची ऑथॉरिटी जवळजवळ शून्य, दुसरीकडे भरपूर. निकाल सारखाच. दोन्हींत समान गोष्ट एकच होती: लिंक देण्यामागचं कारण पानावर नव्हतं, व्यवहारात होतं. विद्यापीठाच्या पानावर ‘बंक बेड्स’ असा शब्द दिसला तर तिथेही बल्गेरियाच्या पोर्टलवर विचारला तोच प्रश्न विचारावा लागतो.

नंतर काय बदललं

२४ एप्रिल २०१२ला गूगलने पेंग्विन अपडेट आणलं आणि अशा लिंकांवरची कारवाई अल्गोरिदमच्या हाती गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डिसअव्हाउ साधन आलं, नको असलेल्या लिंका ‘धरू नका’ असं गूगलला कळवण्यासाठी. सप्टेंबर २०१६मध्ये पेंग्विन मुख्य अल्गोरिदमचा भाग झालं, आणि तेव्हापासून रोख वाईट लिंकांबद्दल साइटला शिक्षा देण्यापेक्षा त्या लिंकांचं वजन काढून घेण्यावर आला. त्याच २०१६मध्ये गूगल टूलबारवरची पेजरँकची ० ते १० ची हिरवी पट्टी बंद झाली. लोकांना आकडा हवाच होता. ती जागा मॉझची डोमेन ऑथॉरिटी, एचरेफ्सचं डोमेन रेटिंग, मॅजेस्टिकचे ट्रस्ट फ्लो आणि सायटेशन फ्लो यांनी घेतली.

हे आकडे गूगलचे नाहीत. गूगल डोमेन ऑथॉरिटी वापरत नाही असं तिथल्या लोकांनी अनेकदा सांगितलं आहे. मे २०२४मध्ये गूगलचे जे अंतर्गत तांत्रिक (एपीआय) दस्तऐवज फुटले त्यांत ‘साइटऑथॉरिटी’ नावाचा एक रकाना आढळला, आणि ‘बघा, आम्ही म्हणत होतो’ असा गलका झाला. संपूर्ण साइटविषयी गूगल काही ना काही मोजत असेल, यात आश्चर्य नाही. पण त्या रकान्याचा आणि मॉझच्या १ ते १०० गुणांचा संबंध जोडायला काहीच आधार नाही.

हे आकडे कशाचे बनतात ते पाहिलं की त्यांच्या मर्यादा आपोआप कळतात. एचरेफ्सचं डोमेन रेटिंग मुख्यतः तीन गोष्टी पाहतं: किती वेगवेगळ्या डोमेन्सवरून चालू लिंका येतात, त्या डोमेन्सचं स्वतःचं रेटिंग किती, आणि ती डोमेन्स एकूण किती जणांना लिंका देतात. विषय जुळतो का, पान कोणी वाचतं का, लिंक पानात कुठे आहे, हे त्यात नाही. मॉझने २०१९मध्ये आपला हिशेब बदलून स्पॅमचा अंदाज त्यात घातला, तरी तो शेवटी गूगलच्या क्रमवारीचा बाहेरून बांधलेला अंदाजच. शिवाय ही मापं लॉगरिदमिक आहेत, २० वरून ३० होणं आणि ७० वरून ८० होणं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दोन स्पर्धक साधारण कुठे आहेत ते पाहायला हे आकडे कामाचे आहेत आणि मीही ते पाहतो. लिंक विकत किंवा फुकट घ्यावी का हे त्यावर ठरवणं मात्र चूक आहे.

आणि आज ती चूक २०११पेक्षा जास्त लपून राहते. पेनी धाडकन पडली म्हणून निदान कळलं तरी. आज कोणी तशाच दोन हजार लिंका लावल्या तर गूगल त्यांतल्या बहुतेकांकडे सरळ दुर्लक्ष करेल. क्रमांक पडणार नाही, चढणारही नाही. बाहेरच्या साधनांत मात्र ‘रेफरिंग डोमेन्स’, म्हणजे लिंक देणारी डोमेन्स, वाढलेली दिसतील, रेटिंग वर जाईल, महिन्याच्या अहवालात हिरवा बाण येईल आणि बिल भरलं जाईल. वर्षभर हे चालू शकतं. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याने किंवा देवगडच्या आंबा बागायतदाराने ‘डीए ५०’च्या, सगळ्याच विषयांवर लिहिणाऱ्या इंग्रजी साइटवर लेख टाकायला पैसे मोजले तर त्याच्या हाती नेमकं हेच लागतं. त्याच पैशात आपल्या बाजार समितीविषयी, निर्यातदारांविषयी, शेतीविषयी खरोखर लिहिणाऱ्या कमी गुणांच्या एखाद्या साइटला चांगली माहिती आणि फोटो पुरवले असते, तर तिथून आलेल्या एका लिंकवर निदान गिऱ्हाईक तरी आलं असतं.

पेनीची फाइल आज तपासायला घेतली तर

सुरुवात डोमेनच्या गुणाने करायची नाही. साइटची सगळ्यात जास्त कमाई करणारी आठ-दहा पानं काढायची आणि प्रत्येक पानाच्या लिंका वेगळ्या पाहायच्या. पेनीच्या बाबतीत ड्रेसेसचं पान वेगळं काढल्याबरोबर अर्धं काम झालं असतं. मुखपृष्ठाकडे जाणाऱ्या लिंकांचे अँकर आणि या पानाकडे जाणाऱ्या लिंकांचे अँकर शेजारी मांडले की एका बाजूला कंपनीचं नाव आणि दुसऱ्या बाजूला शोधशब्दांची रांग दिसली असती. नेमक्या शोधशब्दांचं प्रमाण किती असावं याचा सरसकट टक्का नसतो. त्याच धंद्यातल्या तीन-चार स्पर्धकांचं प्रमाण काढून त्याच्याशी ताडून पाहायचं.

मग लिंका डोमेननुसार एकत्र करायच्या. एकाच साइटच्या फूटरमधून (पानांच्या तळाच्या पट्टीतून) आलेल्या पाचशे लिंका म्हणजे पाचशे शिफारशी नव्हेत, ती फार तर एक. त्यातून शंभरेक डोमेन्स कुठलाही क्रम न लावता उचलायची आणि ती पानं प्रत्यक्ष उघडून वाचायची. इथे घाई करू नये, आणि हे काम यंत्रावर टाकू नये. प्रत्येक ओळीत मी पानाचा विषय, लिंक मजकुरात आहे की तळाशी, तिच्या आगेमागे वाक्य आहे का, त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या बाकीच्या लिंका कोणाकडे जातात, आणि लिंक पहिल्यांदा कधी दिसली, एवढं लिहितो. बाकीच्या लिंकांचा रकाना सगळ्यात बोलका असतो. त्याच तळाशी औषधं, कर्ज आणि जुगार यांच्याही लिंका असतील तर शेजार कसला आहे ते लगेच कळतं. लिंकची जागा महत्त्वाची का, याचा एक दाखला गूगलच्याच पेटंटमध्ये आहे. २००४मध्ये अर्ज केलेल्या आणि २०१०मध्ये मंजूर झालेल्या त्या पेटंटमध्ये वाचणारा कुठल्या लिंकवर क्लिक करण्याची शक्यता जास्त, त्यानुसार तिला कमी-अधिक वजन देण्याची कल्पना मांडली आहे. पेटंट आहे म्हणजे ते तसंच्या तसं वापरात आहे असं होत नाही, पण दिशा कळते.

तारखांचा रकाना वेगळा मांडून पाहायचा. खऱ्या लिंका बातमी, सण, सेल यांच्या मागे येतात आणि त्यांचा चढ-उतार समजावून सांगता येतो. काहीही घडलेलं नसताना एकाच पानाला एकाच तऱ्हेच्या शब्दांनी लिंका वाढत गेल्या तर विचारावं लागतं, कोणी लावल्या. लिंकवर ‘नोफॉलो’ (हिला वजन देऊ नका), ‘स्पॉन्सर्ड’ (पैसे घेऊन दिलेली) किंवा ‘यूजीसी’ (वाचकांनी टाकलेली) अशी गूगलसाठीची खूण आहे का तेही नोंदवायचं. यांतलं पहिलं २००५पासून आहे, बाकीची दोन सप्टेंबर २०१९मध्ये आली. पैसे देऊन घेतलेल्या जाहिरातीच्या लिंकवर ‘स्पॉन्सर्ड’ लावलेलं असेल तर त्यात गैर काहीच नाही. पेनीच्या लिंकांवर असं काही असतं तर त्या क्रमांकासाठी लावल्याच गेल्या नसत्या.

जुनं डोमेन असेल तर आणखी एक खबरदारी. आधीच्या मालकाने कमावलेल्या लिंकांमुळे मुदत संपलेल्या डोमेनचे गुण बराच काळ वर राहतात, आणि तेवढ्यासाठी अशी डोमेन्स विकत घेऊन त्यांवरून लिंका विकल्या जातात. मार्च २०२४पासून गूगलच्या स्पॅम धोरणात मुदत संपलेल्या डोमेनच्या गैरवापराचं वेगळं कलमच आहे. वेबॅक मशीन या जुनी पानं साठवून ठेवणाऱ्या साइटवर त्या पत्त्याची जुनी पानं पाहिली की काल शाळेची असलेली साइट आज कर्जाबद्दल लिहितेय हे दोन मिनिटांत कळतं.

एवढं झाल्यावर निर्णय. लिंका आपण किंवा आपल्या एजन्सीने लावलेल्या असतील तर आधी त्या काढायला लावायच्या, आणि निघत नसतील तेवढ्याच डिसअव्हाउच्या फाइलमध्ये घालायच्या. एजन्सीकडून लावलेल्या प्रत्येक लिंकचा पूर्ण पत्ता लेखी मागायचा. ‘आमचं नेटवर्क गोपनीय आहे’ असं उत्तर आलं तर करार तिथेच थांबवायचा. आणि सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, मॅन्युअल अ‍ॅक्शनची सूचना नसेल, आपण लिंका विकत घेतलेल्या नसतील, नुसत्या कुठल्यातरी साधनाने ‘टॉक्सिक’ (घातक) म्हणून लाल रंगात दाखवल्या असतील, तर डिसअव्हाउच्या वाटेला जायचं नाही. त्या लाल यादीत चांगल्या लिंकाही सापडतात, आणि त्या आपल्याच हाताने कापल्या जातात.